मोठं चित्र, मिश्र माध्यम आणि कागद : विकत घेण्याआधी काय बघायचं

आठ फुटांचं माझं पहिलं चित्र कार्ट्रिजच्या (रेखाटनाच्या साध्या कागदाच्या) रोलवर झालं. कोळशाचं रेखाटन, त्यावर ॲक्रिलिकचे पातळ हात, मग जुन्या हिशोबाच्या वह्यांची पानं पांढऱ्या गमाने चिकटवलेली, वर शाई. कागद भिंतीला टाचलेला होता तोवर सगळं छान दिसत होतं. टाचण्या काढल्या आणि रात्रीत त्याचा पापड झाला. कडा आत वळल्या, कोलाज जाड होतं तिथे फुगवटे आले, आणि मधोमध एक चीर गेली. प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. शेवटी चित्र तीन तुकड्यांत कापलं आणि विचारणाऱ्यांना "तीन भागांचंच काम आहे" असं ठोकून दिलं.

कागदाची चूक काहीच नव्हती. रेखाटनासाठी बनवलेल्या कागदाला मी भिंतीचं काम लावलं होतं. पुढच्या काही वर्षांत असे आणखी दोन-तीन कागद वाया घालवून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते. आजवर क्वार्टर किंवा हाफ इम्पिरिअलवर (२२ × ३० इंची शीटच्या पाव किंवा अर्ध्या भागावर) काम केलेल्या आणि आता चार-पाच फुटांच्या पुढे जाऊ पाहणाऱ्यांसाठी हे आहे. किमती लिहीत नाही, दर सहा महिन्यांनी बदलतात. किंमत ताडून कशी बघायची ते मात्र सांगते.

१. आधी दार, जिना आणि टेम्पो मोजा

हसू नका. पाच बाय सात फुटांचं काम बोर्डावर चिकटवून पूर्ण केलं आणि ते इमारतीच्या लिफ्टमध्ये जाईना, जिन्याच्या वळणावर फिरेना, असं झालेले किमान चार चित्रकार मला माहीत आहेत. त्यातली एक मी.

म्हणून पहिला प्रश्न कागदाचा नाही. चित्र शेवटी कसं राहणार आहे? काचेच्या चौकटीत, बोर्डावर चिकटून, की नुसतं भिंतीवर लोंबतं? आणि इथून तिथे कसं जाणार आहे, सपाट की गुंडाळून? गुंडाळायचं असेल तर जाड कोलाज, वाळूची पेस्ट, गेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) पाच-सहा हात विसरा, ते तडकणार. सपाट न्यायचं असेल तर टेम्पोच्या हौद्याची लांबी-रुंदी ही तुमच्या चित्राची कमाल लांबी-रुंदी. या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा, मग दुकानात जा.

२. सगळ्यात ओला थर कोणता, ते ठरवा

मिश्र माध्यम म्हणताना आपण माध्यमांची यादी करतो : कोळसा, पेस्टल, ॲक्रिलिक, शाई, कोलाज. कागदाला त्या यादीशी फारसं देणंघेणं नसतं. त्याच्यावर एका वेळी किती पाणी पडणार आणि सुकल्यावर किती वजन बसणार, एवढंच तो बघतो. तुमच्या कामातला सगळ्यात ओला थर आणि सगळ्यात जड थर शोधा, कागद त्या दोघांवरून ठरतो. बाकीची माध्यमं त्यावर निभावून जातात.

शाईचे सांडलेले ओघळ, पाण्याने भिजवून केलेले वॉश (पातळ रंगाचे हात) असतील तर जलरंगाचा, कापसाचा, चांगलं साईझिंग (पाणी लगेच मुरू नये म्हणून दिलेलं द्रव्य, त्याबद्दल पुढे पाचव्या भागात) असलेला कागद लागतो. ॲक्रिलिक घट्ट वापरणार आणि भरपूर कोलाज करणार असाल तर साईझिंगपेक्षा जाडी महत्त्वाची, कारण गेसो लावला की कागदाचा मूळ पृष्ठभाग झाकलाच जातो. मुख्य काम कोळसा आणि पेस्टलचं असेल, पाणी नावाला असेल, तर जरा हलका पण दाणेदार कागद चालतो.

तैलरंगाचं वेगळं सांगते. तेल थेट कागदात मुरलं की काही वर्षांत कागद पिवळा आणि कुरकुरीत होतो. तैलरंग किंवा ऑईल स्टिक (कांडीतला तैलरंग) वापरायचे असतील तर मध्ये गेसोचा अडसर हवाच, नाहीतर खास तैलरंगासाठी बनवलेला कागद घ्या. ऑईल पेस्टलच्या खुणांवर पाणी ठरत नाही हे शाळेपासून ठाऊक असतं, तरी मोठ्या कामाच्या भरात विसरायला होतं. आधी पाणी, मग तेल, हा क्रम कागदाच्या पाठीवर पेन्सिलने लिहून ठेवा.

३. जीएसएमचा आकडा खरा, पण अर्धाच

३०० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम. एवढंच. तो आकडा ताकद सांगत नाही, टिकाऊपणा सांगत नाही.

नवख्या माणसाची इथे नेमकी फसगत होते. क्वार्टर शीटवर ३०० जीएसएम पुठ्ठ्यासारखा ताठ वाटतो. तोच कागद दीड मीटर बाय तीन मीटरचा घ्या, हातात धरला तर चादरीसारखा लोंबेल. साडेचार चौरस मीटर, म्हणजे कोऱ्या कागदाचंच वजन १.३५ किलो, आणि ते सगळं वरच्या कडेवर. ६४० जीएसएम घेतला तर २.८८ किलो. त्यावर गेसो, रंग, कोलाज.

माझा ठोकताळा असा. तीन फुटांपर्यंत ३०० जीएसएम निवांत चालतो. त्यापुढे ओलं काम असेल तर एकतर ६४० च्या आसपासचा कागद घ्यायचा, नाहीतर ३०० चाच घेऊन त्याला पाठीमागून आधार द्यायचा. सहा फुटांच्या पुढे मी कायम दुसरा मार्ग धरते. ६४० चा कागद सुंदर असतो, पण मोठ्या अखंड मापात मिळणं कठीण, आणि एकदा मुडपला की ती घडी जन्मभराची.

दुकानात "मिक्स मीडिया" असं छापलेली पॅड मिळतात. शिकायला ठीक. मापाने लहान असतात आणि बहुतेक लाकडाच्या लगद्याची. त्या शब्दावर भाळून मोठ्या कामाचा कागद ठरवू नका.

४. कापूस की लाकूड

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. कापसात तो जवळजवळ शुद्ध मिळतो. लाकडात त्याच्याबरोबर लिग्निन येतं, आणि वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन काढून टाकलं तर तोही कागद बऱ्यापैकी टिकतो, त्याला अल्फा सेल्युलोज म्हणतात. पाकिटावर "१०० टक्के कापूस" आणि "आम्लरहित" हे दोन वेगळे शब्द आहेत हे लक्षात घ्या. लाकडाचा कागदही आम्लरहित असू शकतो. त्यात खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट घालून आम्ल मारलेलं असतं. ओल्या-सुक्याच्या फेऱ्या, घासणं, खरवडणं, खोडणं मात्र कापसाचे तंतूच नीट सोसतात.

आणि इतका जपून कागद घेतल्यावर त्यावर काय चिकटवता तेही बघा. जुनी वर्तमानपत्रं, खाकी कागद, बॉक्सचे पुठ्ठे यांच्यातलं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. चहाच्या पाण्याने "जुना" केलेला कागद तर स्वतःहूनच जुना होत जातो. मी वर्तमानपत्राची कात्रणं चांगल्या आम्लरहित कागदावर लेझर प्रिंट करून घेते आणि ती चिकटवते. खरं कात्रणच हवं असेल तर ते पिवळं पडणार हे धरून रंगयोजना करा.

५. साईझिंग, आणि ते पावसाळ्यात कसं मरतं

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण आपल्या हवेत सगळ्यात जास्त कागद इथे मरतात.

साधा कागद टिपकागदासारखा पाणी पितो. तसं होऊ नये म्हणून त्याला जिलेटिन, स्टार्च किंवा त्यासारखं कृत्रिम द्रव्य देतात. हेच साईझिंग. काही कागदांना ते लगद्यातच मिसळलेलं असतं, काहींना वरून, तर चांगल्या जलरंगाच्या कागदांना दोन्ही प्रकारे. आपल्याकडच्या जुन्या कागद्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कागदाला खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला असा कागद व्हायचा, पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा नावाची वस्ती आजही आहे. मराठी दप्तरांवरच्या बोरूच्या शाईला फाटे फुटले नाहीत ते त्या खळीमुळे आणि घोटण्यामुळे.

आता अडचण अशी की साईझिंग दमट हवेत हळूहळू निकामी होतं. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर पलंगाखाली ठेवलेला महागातला कागद दिवाळीत बाहेर काढा. कोरडा असताना अगदी नवा दिसेल. वॉश टाकलात की जागोजागी गडद ठिपके उमटतील, रंग तिथे थेट आत शोषला जाईल. ते ठिपके पुसता येत नाहीत, झाकावे लागतात. मी एकदा सहा शीटचं एक काम याच कारणाने पहिल्या वॉशला बाद केलं. विकत घेतानाही हाच धोका असतो. दुकानात दोन पावसाळे पडून राहिलेला कागद "सवलतीत" मिळतो तो उगाच नाही.

घेताना काय कराल? कोपऱ्याचा एक तुकडा मागा. बोटाने स्वच्छ पाण्याचा थेंब ठेवा आणि मिनिटभर बघा. थेंब फुगीर राहिला तर साईझिंग जिवंत आहे. लगेच पसरून गडद डाग पडला तर गेलं. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. घरी आणल्यावर कागद जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून उंच ठेवा. पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या करायच्या. कागदावर खरेदीची तारीख लिहा.

मेलेला कागद फेकू नका. लिटरभर पाण्यात २० ते ३० ग्रॅम जिलेटिन आधी थंड पाण्यात भिजत घालून, मग कोमट करून विरघळवा, उकळू नका, आणि रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना एक पातळ हात द्या. किंवा सरळ गेसो लावून ॲक्रिलिकच्या कामाला घ्या.

हातकागदाबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडचा हातकागद फार देखणा असतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, जयपूरजवळ सांगानेरला कागदी लोकांची परंपरा आहे, कर्नाटकात हुबळीजवळ तारिहाळला कापसाचा जाड कागद बनतो, पुद्दुचेरीतही बनतो. सांगानेरच्या कागदावर चित्रकार नीलिमा शेख यांनी टेम्पेरात (डिंकासारख्या द्रव्यात कालवलेल्या रंगात) केलेलं काम पाहिलं की या कागदाचा जीव कळतो. पण सगळा हातकागद चित्रकलेसाठी नसतो. बराचसा लग्नपत्रिका, पिशव्या, फायलींसाठी बनतो. त्याला साईझिंग कमी असतं आणि फुलांच्या पाकळ्या घातलेला तर चित्राला अजिबात नको, पाकळ्या काळ्या पडतात. थेंबाची चाचणी इथे दोन ठिकाणी करा, कारण एकाच शीटमध्येही फरक असतो.

६. अखंड कागद की जोडलेला?

इम्पिरिअल शीट २२ × ३० इंच, म्हणजे ५६ × ७६ सेंटिमीटर. डबल एलिफंट साधारण २६ × ४० इंच. त्याहून मोठं हवं तर रोल. फ्रान्सच्या आर्शचा ३०० जीएसएमचा जलरंगाचा रोल सुमारे ११३ सेंटिमीटर रुंद आणि ९.१५ मीटर लांब येतो. इटलीच्या फाब्रियानोचा आर्टिस्टिको १४० सेंटिमीटर रुंदीत आणि इंग्लंडच्या सेंट कथबर्ट्स मिलचा सॉन्डर्स वॉटरफर्ड दीड मीटरच्या आसपास रुंदीत मिळतो, दोन्ही साधारण दहा मीटर लांब.

किंमत ताडायची ती दर चौरस मीटरवर. ११३ सेंटिमीटरचा रोल म्हणजे सुमारे १०.३ चौरस मीटर. इम्पिरिअल शीट म्हणजे ०.४३ चौरस मीटर, म्हणजे एका रोलमध्ये साधारण २४ शीट. दुकानात उभं राहून मोबाईलवर हा भागाकार करा. रोल "फार महाग" वाटतो, पण दर काढला की बहुतेक वेळा तसा नसतो. मात्र दोघं-तिघं मिळून रोल घ्या, एकट्याकडे उरलेला पावसाळ्यात खराब होतो. कुरिअरने मागवलात तर नळीची दोन्ही टोकं डिलिव्हरीवाल्यासमोर उघडून बघा, चेपलेलं टोक म्हणजे आत प्रत्येक वेढ्यावर एक घडी.

रोलचा एक स्वभाव असतो, तो वळलेलाच राहू बघतो. कापलेला तुकडा उलट्या दिशेने सैल गुंडाळून रात्रभर ठेवा, मग पाठीवर पाण्याचा हलका फवारा मारून सपाट बोर्डाखाली दाबा. घाईत हाताने उलटा मुडपला तर पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात, त्या वॉशमध्ये दिसतात.

जोडून मोठं करण्यात कमीपणा काही नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इटालियन चित्रकार राफाएलची सात प्रचंड "कार्टून्स" आहेत (व्यंगचित्रं नव्हेत हं, गालिचे विणण्यासाठीची पूर्ण मापाची चित्रं), १५१५-१६ ची. ती लहान लहान कागद एकमेकांना चिकटवून केलेली आहेत. विणकरांनी ती पट्ट्यांत कापली, नंतर पुन्हा जोडली गेली, आणि पाचशे वर्षांनी लोक अजून बघतायत. आपल्याकडे लघुचित्रांसाठी वसली करतात, म्हणजे कागदावर कागद खळीने चिकटवून जाड, ताठ पान. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीतही (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) चित्रांची पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात.

जोडायचे तीन मार्ग :

शीट एकमेकांशेजारी, मध्ये थोडी फट ठेवून. सगळ्यात सोपं आणि वाहतुकीला सुखाचं. चार इम्पिरिअल शीटचं काम ४४ × ६० इंच होतं आणि एका सपाट फायलीत मावतं. चित्राच्या मध्ये येणाऱ्या रेघा मात्र रचनेत आधीपासून धराव्या लागतात.

कडेवर कड चढवून. कड कापू नका, पट्टी धरून फाडा, म्हणजे ती तिरपी आणि पातळ होते आणि जोड कमी दिसतो. दीड-दोन सेंटिमीटर चढवणं पुरतं. दोन्ही शीटचे तंतू एकाच दिशेने हवेत.

पूर्ण कागद कापडावर. धुऊन, सुकवून, इस्त्री केलेला मांजरपाट घ्या. न धुतलेला मांजरपाट ओला झाल्यावर आटतो आणि कागदाला ओढून सुरकुत्या पाडतो, हा धडा मी पैसे मोजून घेतला आहे.

तंतूंची दिशा कशी ओळखायची? कागदाचा बोटभर चौकोन कापा, एक बाजू पाण्यात टेका. तो नळीसारखा वळेल. ती नळी ज्या दिशेला लांब, ती तंतूंची दिशा. कागद ओला झाला की तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. एक टक्का धरला तरी दीड मीटरला दीड सेंटिमीटर. शेजारचे दोन कागद वेगवेगळ्या दिशांनी फुगले की जोडावर लाट येणारच. रोलमध्ये तंतू लांबीच्या दिशेने असतात. हातकागदात दिशेचा फरक फार कमी, जोडकामाला हा त्याचा मोठा फायदा.

चिकटवायला काय? सुतारकामाचा पांढरा गम कोलाजला ठीक, पण कागदाला कागद जोडायला तो कडक होतो आणि नंतर सोडवता येत नाही. मी गव्हाचा चीक वापरते, तोच, कुरडयांचा. गहू भिजवून, वाटून, गाळून, वरचं पाणी ओतून खाली बसलेला पांढरा साका. एक भाग साका, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, गार झाल्यावर गाळणीतून काढायचं. मैद्याची खळ पटकन होते, पण तिच्यावर कसर लवकर येते. जुने लोक खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे, घरच्या भांड्यात तर मुळीच नको. थोडीच खळ करा आणि दोन दिवसांत संपवा.

७. पोत

हॉट प्रेस गुळगुळीत, कोल्ड प्रेस मध्यम, रफ खडबडीत. मोठ्या चित्रात रफचा दाणा लांबून दिसतच नाही आणि पेनच्या रेघेला मात्र त्रास देतो. शंका असेल तर कोल्ड प्रेस. गेसो लावणार असाल तर याचा फार विचार करू नका, दाणा गेसोत प्यूमिस पावडर (एका सच्छिद्र दगडाची भुकटी) मिसळूनही आणता येतो.

८. जवळ काय काय ठेवायचं

- चाचणीसाठी त्याच कागदाच्या हातभर लांब पट्ट्या, निदान तीन
- फवाऱ्याची बाटली, चार इंची मऊ ब्रश, रोलर
- पाण्याने चिकटणारी खाकी गम टेप (मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही)
- कागदापेक्षा प्रत्येक बाजूने तीन-चार इंच मोठा, पॉलिश केलेला प्लाय
- ॲक्रिलिक गेसो
- टिपकागद किंवा जुनी सुती चादर, दाबायला वजनं
- स्टीलची लांब पट्टी, मेजर टेप
- एक वही, कोणता कागद, कधी, कुठून घेतला याच्या नोंदीची

कागद मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटला, पुण्यात अप्पा बळवंत चौकात बघायला मिळतो. आयात रोल बहुतेक वेळा आगाऊ सांगून मागवावे लागतात. कामाला लागेल त्यापेक्षा एक मीटर किंवा दोन शीट जास्त घ्या, आणि एकाच लॉटचे. पुढच्या लॉटचा पांढरा रंग वेगळा निघतो, जोडकामात ते उघडं पडतं.

९. पट्टीवर सगळं चित्र एकदा करून बघा

पट्टीवर तुमचे सगळे थर त्याच क्रमाने द्या. नुसते रंगाचे नमुने नकोत. सगळ्यात ओला वॉश, सगळ्यात जाड कोलाज, सगळ्यात जोराचं खरवडणं. एका कडेला मास्किंग टेप लावून ओढा, तंतू निघतात का बघा. मग पट्टी टाचून न ठेवता टेबलावर मोकळी सोडा, दोन दिवस. माझी पहिली चूक हीच होती, टाचलेला कागद खोटं बोलतो. दोन दिवसांनी पट्टी वळली, तर तुमचं मोठं चित्र त्याच्या दहापट वळणार.

पावसाळ्यात चाचणी करून उन्हाळ्यात चित्र करणार असाल, किंवा उलट, तर चाचणी पुन्हा करा. नागपूरच्या मे महिन्यात जो कागद फळीसारखा ताठ असतो तो रत्नागिरीच्या जुलैत ओल्या पोळीसारखा होतो.

१०. ताणणं आणि पाठ

३०० जीएसएमवर ओलं काम असेल तर कागद ताणून घ्या. दोन्ही बाजू ओल्या करा, पाच-सात मिनिटं फुगू द्या, प्लायवर पसरा, गम टेपने चारही कडा पक्क्या करा, आडवा ठेवून सुकवा. मोठा कागद एकट्याने ताणायचा हट्ट करू नका, चार हात लागतात. सुकताना तो इतक्या जोराने आखडतो की कडेला स्टेपल मारले असतील तर पातळ प्लाय वाकलेला मी पाहिलाय.

गेसो लावणार असाल तर नियम एकच : जितकं पोटाला तितकं पाठीला. फक्त पुढून गेसो दिला की कागद पुढच्या बाजूला वळतो. पाठीलाही एक-दोन पातळ हात दिले की ओढाताण बरोबरीची होते. हात पातळ ठेवा, एक सुकल्याशिवाय दुसरा नाही. पुढे कोलाजचं वजन एका कोपऱ्यात जास्त झालं तर त्याच जागी मागून तेवढाच कागद चिकटवा. कुणाला दिसत नाही, पण चित्र सपाट राहतं.

कोळसा-पेस्टलला फिक्सेटिव्ह (पुसलं जाऊ नये म्हणून मारायचं द्रव्य) पातळ फवाऱ्यांनी, खिडकी उघडी ठेवून. कॉलेजात केसांचा स्प्रे वापरायची पद्धत होती, ती तिथेच सोडा. तो पिवळा पडतो.

११. चौकट, टांगणं, नेणं

चार मिलिमीटर काचेचं वजन दर चौरस मीटरला १० किलो. दीड बाय २.४ मीटरच्या चित्राला ३६ किलो नुसती काच. ॲक्रिलिक शीट साधारण त्याच्या निम्म्या वजनाची, फुटत नाही, म्हणून मोठ्या कामाला बहुधा तीच लावतात. पण तिच्यावर स्थिर वीज साठते आणि ती सैल कोळसा, पेस्टल स्वतःकडे ओढते. असं काम असेल तर एकतर काच, नाहीतर स्थिर वीज न साठणारं ॲक्रिलिक. कोणतंही असो, चित्र आणि त्याच्यामध्ये फट हवी. दमट हवेत ॲक्रिलिक रंग काचेला चिकटतो.

चौकटीशिवाय टांगायचं तर कागदाला भोक पाडू नका. भिंतीवर पातळ लोखंडी पट्टी आणि वरून छोटी ताकदवान चुंबकं, मध्ये कागदाचा तुकडा. वरची कड पूर्ण लांबीभर धरलेली हवी, फक्त दोन कोपरे धरले की मध्ये झोळ येतो.

गुंडाळताना चित्र बाहेरच्या बाजूला ठेवा, आत नको. प्लंबिंगच्या दुकानातला सहा इंची पीव्हीसी पाइप घ्या, त्यावर आम्लरहित कागद गुंडाळा, त्याच्या वर चित्र. ॲक्रिलिक आपल्या उन्हाळ्यात चिकट होतं, म्हणून चित्रावर बेकिंगसाठी मिळतो तो सिलिकॉनचा कागद पसरा. बबल रॅप थेट रंगावर कधीच नको, गोल गोल ठसे उमटतात आणि जात नाहीत. पोहोचल्यावर लगेच उलगडा, "उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बघू" म्हणत पाइपमध्ये ठेवू नका, आणि सपाट व्हायला दोन दिवस द्या.

पाइपवर बाहेरून मार्करने चित्राचं नाव, माप आणि वरच्या कडेचा बाण काढा. अमूर्त काम असेल तर बाण दोनदा काढा.